पुणे–नागपूर हवाई अंतर व उड्डाणकाल : एक भौगोलिक विवेचन

पुणे व नागपूर या दोन नगरांमधील अंतर किती, असा प्रश्न विचारला असता त्याची किमान तीन उत्तरे संभवतात. दौंड, मनमाड व भुसावळ या मार्गाने जाणाऱ्या लोहमार्गाची लांबी सुमारे ८९० किलोमीटर भरते. सडकेने हे अंतर सुमारे ७१५ किलोमीटर आहे. लोहगाव व सोनेगाव येथील विमानतळांमधील भूपृष्ठावरचे लघुतम अंतर मात्र अवघे ६०५ किलोमीटर आहे. लघुतम अंतर एक मानले, तर सडकेचा वळसा-निर्देशांक १.१८ आणि लोहमार्गाचा १.४७ येतो. सह्याद्रीचे फाटे, गोदावरी व पूर्णा यांची खोरी, आणि मुंबईस केंद्र मानून एकोणिसाव्या शतकात झालेली लोहमार्गांची आखणी, या सर्वांचा इतिहास या दोन आकड्यांत साठविलेला आहे.

कालाच्या बाबतीत उत्तर याहूनही अनिश्चित आहे. आजचे जेट विमान समतल उड्डाणात ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ६०५ किलोमीटर तोडण्यास ४४ मिनिटे पुरावीत. तथापि वेळापत्रकात या उड्डाणास सव्वा ते दीड तास दिलेला आढळतो, आणि प्रवाशाच्या घरापासून त्याच्या इष्ट स्थळापर्यंतचा प्रवास पाच तासांच्या घरात जातो. अंतर व वेग ही दोन्ही ज्ञात असताना त्यांच्या भागाकाराने काल का मिळू नये, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. परंतु वाहतूक-भूगोलाच्या अभ्यासकाने त्याचा नीट उलगडा करून घेणे अगत्याचे आहे. प्रदेशांची सुगमता मोजताना, प्रवासभाड्याचे प्रमाण ठरविताना, किंवा एखाद्या नगरात विमानतळ असावा की नसावा याचा विचार करताना यांपैकी कोणते अंतर व कोणता काल हिशेबात धरला, यावर निष्कर्ष अवलंबून असतो.

१. लघुतम अंतराचे गणित

गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग हा त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा कंस होय. लोहगावचा विमानतळ १८.५८ उत्तर अक्षांश व ७३.९२ पूर्व रेखांश येथे, तर सोनेगावचा २१.०९ उत्तर अक्षांश व ७९.०५ पूर्व रेखांश येथे आहे. अक्षांशांतील फरक २.५१ अंश व रेखांशांतील फरक ५.१३ अंश भरतो. या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरांचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो, आणि विसाव्या अक्षवृत्ताच्या आसपास तो सुमारे १०४.७ किलोमीटरांचा राहतो. यावरून नागपूर हे पुण्याच्या उत्तरेस २७८ किलोमीटर व पूर्वेस ५३७ किलोमीटर आहे, असे दिसून येईल. या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ६०५ येते. गोलीय त्रिकोणमितीच्या काटेकोर सूत्रानेही हेच उत्तर मिळते. वैमानिक हेच अंतर ३२७ सागरी मैल असे सांगेल. अक्षांशाच्या एका कलेइतके अंतर म्हणजे सागरी मैल, ही मूळ कल्पना. त्याची लांबी १८५२ मीटर असावी असा आंतरराष्ट्रीय संकेत १९२९ साली ठरला.

बृहद्वृत्ताने जाणाऱ्या विमानाची दिशा मार्गात सतत किंचित बदलत असते. पुण्याहून निघताना ती खऱ्या उत्तरेपासून सुमारे ६१.६ अंश असेल, तर नागपुरास पोहोचताना सुमारे ६३.४ अंश. याउलट एकच दिशाकोन कायम ठेवून विमान नेले, तर मर्केटरच्या नकाशावर सरळ दिसणारी रेषा अनुसरली जाईल. या दोन मार्गांतील तफावत दिल्ली–न्यूयॉर्कसारख्या दूरच्या उड्डाणात फार मोठी असते, म्हणून पाठ्यपुस्तकांत तिचे विवेचन विस्ताराने केलेले असते. पुणे–नागपूर मार्गावर मात्र मध्यबिंदूपाशी हे दोन मार्ग एकमेकांपासून सुमारे सव्वादोन किलोमीटर दूर जातात, आणि लांबीतील फरक शंभर मीटरांहूनही कमी राहतो. म्हणजे प्रादेशिक उड्डाणांत पृथ्वीच्या गोलत्वामुळे पडणारा फरक व्यवहारात उपेक्षणीय आहे. जे फरक पडतात त्यांची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

२. प्रत्यक्ष हवाई मार्ग

नकाशावर काढलेली रेषा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), अंबड व वाशीम यांच्या जवळून जाते आणि वर्ध्याच्या थोडी उत्तरेकडून नागपुरास पोहोचते. विमान या रेषेवरून तंतोतंत जात नाही. त्याचे पहिले कारण धावपट्टीची दिशा हे होय. विमानाने शक्यतो वाऱ्यास सामोरे राहून उडावे व उतरावे लागते. लोहगावची धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेचा वारा वाहत असता विमान प्रथम पश्चिमेकडे, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ विरुद्ध दिशेस उडते व नंतर वळण घेते. सोनेगावची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे. नैऋत्येकडून आलेल्या विमानास तिच्या एका टोकाशी येऊन तिच्या रोखास लागण्यासाठी पुन्हा वळावे लागते. अशा वळणांत काही मिनिटे सहज खर्ची पडतात.

दुसरे कारण आकाशाच्या व्यवस्थेत आहे. नागरी विमाने ठरवून दिलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या मार्गांनी जातात. पूर्वी हे बिंदू भूमीवरील रेडिओ-दीपांवर अवलंबून असत. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती होऊ लागल्यापासून मार्ग अधिक सरळ आखणे शक्य झाले आहे. तथापि लोहगावची धावपट्टी ही मूलतः वायुदलाची असून तिचा नागरी उपयोग हा सहवापर आहे. अशा ठिकाणी सैनिकी उड्डाणांच्या वेळा व क्षेत्रे यांना प्राधान्य असते आणि नागरी विमानास कधी वाट पाहावी लागते, कधी वळसा घ्यावा लागतो. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस मराठवाडा-विदर्भावर उंच वाढणाऱ्या गर्जन्मेघांना टाळण्यासाठी मार्गापासून दूर जावे लागते, ते निराळेच.

३. उड्डाणकालाचे घटक

वेळापत्रकातील उड्डाणकाल हा विमान हवेत असण्याचा काल नव्हे. विमानाच्या चाकांखालील ठोकळे काढून ते जागेवरून हलल्यापासून, दुसऱ्या विमानतळावर थांबून चाकांना पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा तो काल होय; या व्यवसायात त्यास ब्लॉक टाइम असेच म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत चालत जाणे, उड्डाणाच्या परवानगीसाठी थांबणे, चढणे, समतल उड्डाण, उतरणे, धावपट्टीच्या रोखास लागणे आणि विसाव्याच्या जागी येणे, एवढ्या अवस्थांचा समावेश होतो. चढताना व उतरताना विमानाचा वेग समतल उड्डाणाहून पुष्कळ कमी असतो. त्यामुळे तोच पल्ला समतल वेगाने तोडला असता लागला असता, त्याहून अधिक काल जातो.

या सर्वांचा विचार सोप्या समीकरणाने मांडता येतो. उड्डाणकाल म्हणजे एक स्थिर संख्या, अधिक अंतर भागिले समतल वेग. स्थिर संख्येत भूमीवरील चाल, चढउतारामुळे होणारा विलंब व वळणे ही येतात. ती उदाहरणादाखल ३० मिनिटे धरल्यास पुणे–नागपूर उड्डाणास जेट विमानाला ३० अधिक ४४, म्हणजे ७४ मिनिटे लागतील. वेळापत्रकातील सव्वा तासाशी हे उत्तर जुळते. त्यापुढील मिनिटे विलंब झाल्यास हाताशी असावीत म्हणून राखून ठेवलेली असतात. या हिशेबाने विमानाचा व्यवहारातील वेग ताशी सुमारे ४९० किलोमीटर भरतो. समतल वेगाचा तो जेमतेम साठ टक्के आहे.

स्थिर संख्या अंतरानुसार बदलत नाही, ही गोष्ट निर्णायक आहे. लांबच्या उड्डाणात ती मिनिटे विरून जातात. जवळच्या उड्डाणात तीच प्रबळ ठरतात. नांदेड व हैदराबाद हे विमानतळ परस्परांपासून सुमारे २४५ किलोमीटर दूर आहेत. तेथे जेट विमानास उपरोक्त समीकरणाने ४८ मिनिटे लागतील, आणि ताशी ५१० किलोमीटर वेगाच्या एटीआर-७२ या टर्बोप्रॉप विमानास ५९ मिनिटे. वेगात तीनशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर असूनही कालात केवळ ११ मिनिटांचा फरक पडतो. पुणे–नागपूर मार्गावर हाच फरक २७ मिनिटांचा होईल. टर्बोप्रॉप विमानास इंधन कमी लागते आणि त्याहून आखूड धावपट्टी चालते. यावरून जवळच्या नगरांदरम्यान मंदगती विमाने का योजली जातात, हे स्पष्ट होईल.

येथेच शासकीय धोरणाचा संबंध येतो. प्रादेशिक हवाई वाहतुकीस उत्तेजन देणारी ‘उडान’ ही योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केली व २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या उड्डाणांस आरंभ झाला. त्या दिवशी सुरू झालेल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हाही होता. सुमारे ५०० किलोमीटर किंवा सुमारे एका तासाच्या उड्डाणास, ठरावीक आसनांपुरते, २५०० रुपयांहून अधिक भाडे असू नये, असे प्रमाण योजनेच्या आरंभी सांगण्यात आले. ५०० किलोमीटर व एक तास ही दोन मापे परस्परांची पर्याये आहेत, असे यात गृहीत आहे. वस्तुतः वरील समीकरणाप्रमाणे टर्बोप्रॉप विमानास ५०० किलोमीटरांस सुमारे ८९ मिनिटे लागतील. भाडेनिश्चितीसाठी घेतलेला संकेत म्हणून हे प्रमाण सोयीचे आहे. परंतु एखाद्या विमानास दिवसातून किती फेऱ्या करता येतील, व म्हणून तो मार्ग चालविणे परवडेल की नाही, हे ठरते ते ब्लॉक टाइमवरून. अंतरावरून भाडे व कालावरून खर्च, अशी ही विषम जोडणी आहे. आखूड मार्गांस आर्थिक आधाराची अधिक गरज का भासते, याचे एक कारण तिच्यात सापडते.

४. वाऱ्याचा परिणाम

जाण्याचा व येण्याचा उड्डाणकाल सारखा नसतो, याचे कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उपोष्ण कटिबंधीय पश्चिमी झोतवारा असतो, आणि त्याच्या दक्षिण कडेवर असलेल्या महाराष्ट्राच्या वरच्या हवेतही पश्चिमेचे वारे वाहतात. त्या ऋतूत पुण्याहून नागपुरास जाणाऱ्या विमानास वारा पाठचा, तर परतणाऱ्यास सामोरा असतो. पावसाळ्यात परिस्थिती पालटते. भूमीलगत नैऋत्येचे मोसमी वारे वाहत असता उंचावर पूर्वेचे वारे स्थिरावतात. दक्षिण भारतावर सुमारे १४ ते १५ किलोमीटर उंचीवर प्रबळ असणाऱ्या उष्ण कटिबंधीय पूर्वी झोतवाऱ्याचे स्वरूप भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली विशद केले. प्रवासी विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून व या झोताच्या मध्यापासून उत्तरेस जात असल्याने त्यांस त्याचा पूर्ण जोर लागत नाही. तरी दिशेचा पालट त्यांच्याही अनुभवास येतो.

जाताना मिळालेला लाभ व येताना झालेली हानी समान होतात, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. विमानाचा वेग ताशी ८०० व वाऱ्याचा ८० किलोमीटर धरला, तर जाण्यास ४१.३ व येण्यास ५०.४ मिनिटे लागतील. दोहोंची बेरीज ९१.७ मिनिटे येते. वारा नसता ती ९०.८ मिनिटे आली असती. सामोऱ्या वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून हानी नेहमी लाभापेक्षा थोडी अधिक असते. एका फेरीत हा फरक मिनिटभराचाच आहे. परंतु जाण्यायेण्यातील नऊ मिनिटांचा फरक वेळापत्रक आखणाऱ्यास ऋतुमानाप्रमाणे लक्षात घ्यावा लागतो.

५. घरापासून घरापर्यंतचा काल

प्रवाशाच्या दृष्टीने उड्डाणकाल हा प्रवासकालाचा एक अंश आहे. घरापासून विमानतळापर्यंत एक तास, सुरक्षा-तपासणी वगैरेसाठी दीड तास, विमानाची स्थिर ३० मिनिटे आणि उतरल्यावर नगरात पोहोचण्यास एक तास, असे धरल्यास अंतराशी संबंध नसलेला काल चार तास होतो. त्यात समतल उड्डाणाची ४४ मिनिटे मिळवली असता एकूण पावणेपाच तास भरतात. म्हणजे ज्या अवस्थेत विमान खरोखर वेगाने जाते, ती संपूर्ण प्रवासाच्या सहाव्या हिश्श्याहूनही लहान आहे. विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढविला, तर प्रवाशाची चार मिनिटे वाचतील. विमानतळावरील प्रतीक्षा अर्ध्या तासाने घटविली, तर तीस मिनिटे वाचतील.

गत सात दशकांत वेगवृद्धीचे काय झाले, हेही यावरून उमगते. स्वातंत्र्योत्तर काळात वापरात असलेली डाकोटा विमाने ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जात. त्यांस या अंतरासाठी समतल उड्डाणाचे दोन तास लागले असते. जेट विमानाने त्यांतील ७७ मिनिटे वाचविली. परंतु घर व विमानतळ यांमधील गर्दी आणि विमानतळावरील प्रतीक्षा यांनी त्या बचतीचा मोठा वाटा गिळून टाकला.

सडकेशी तुलना करता विमान कोणत्या अंतरापासून लाभदायक ठरते, हेही याच पद्धतीने काढता येईल. सडकेचा वळसा-निर्देशांक १.१८ व मोटारीचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर धरल्यास ही सीमा सुमारे २१७ किलोमीटर येते. मोटारीचा वेग ताशी ९० किलोमीटर झाला, तर तीच सीमा सुमारे ३३६ किलोमीटरांवर सरकते. मुंबई व पुणे यांचे विमानतळ परस्परांपासून १२५ किलोमीटरांच्या आत असल्याने त्यांदरम्यान विमानप्रवासाने कालाची बचत होत नाही. नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. पुण्याकडील वाहनेही छत्रपती संभाजीनगरजवळ त्यास मिळू शकतात. अशा मार्गाने नागपूर–पुणे उड्डाणास धोका नाही, कारण ६०५ किलोमीटर हे अंतर सीमेच्या पुष्कळ पलीकडे आहे. परंतु दोन-तीनशे किलोमीटरांच्या टप्प्यातील लहान विमानतळांचे प्रयोजन मात्र एका सडकेने बदलू शकते. विमानतळाची उपयुक्तता केवळ त्याच्या स्थानावर नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या सडकांवरही अवलंबून असते.

६. कालाचे मोल : दोन उदाहरणे

अंतर व काल यांतील भेद नागपूरच्या इतिहासात एकदा फार स्पष्टपणे दिसून आला. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपुरास एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या नगरी परतत. नागपूर देशाच्या मध्यभागी असल्याने ही योजना शक्य झाली, असे म्हटले जाते व ते खरे आहे. परंतु ही चार अंतरे समान नाहीत : मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५५, मद्रास ९१० व कलकत्ता ९८५ किलोमीटर. डाकोटाच्या वेगाने मुंबई व कलकत्ता यांच्या विमानांत तासाभराचा फरक पडे. समान अंतरामुळे नव्हे, तर निघण्याच्या वेळा जुळवून घेतल्यामुळे चारी विमाने एका वेळी एका ठिकाणी आली. भूगोलाने दिलेल्या स्थानाचा लाभ वेळापत्रकाने पदरात पाडून घेतला.

दुसरे उदाहरण आजचे आहे. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात कार्यरत व्हावे लागते. मूत्रपिंड त्याहून पुष्कळ अधिक काळ, चोवीस तासांपर्यंतही टिकविता येते. नागपुरातील दात्याचे हृदय पुण्यातील रुग्णास द्यावयाचे असेल, तर सडक व लोहमार्ग यांचा विचारच संभवत नाही. विमानाची ७४ मिनिटे कोणी फारशी कमी करू शकत नाही. रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचे दोन्ही टप्पे मात्र वाहतूक थांबवून प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांवर आणता येतात. मग सुमारे पावणेदोन ते दोन तासांत हृदय पोहोचते व शस्त्रक्रियेस अवधी उरतो. हेच टप्पे नेहमीच्या गर्दीतून, नेहमीच्या प्रतीक्षेसह पार करावयाचे झाल्यास साडेचार-पाच तास लागतील, आणि तेवढ्याने सर्व व्यर्थ होईल. ६०५ किलोमीटर हे अंतर दोन्ही प्रसंगी तेच आहे. जीवनमरणाचा निर्णय करतात ती भूमीवरील मिनिटे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून अभ्यासकांस उपयुक्त अशा काही गोष्टी निष्पन्न होतात. लघुतम अंतर हे निश्चित व अपरिवर्तनीय असल्याने वळसा-निर्देशांकासाठी व तुलनेसाठी आधार म्हणून ते योग्य होय. सुगमतेचे माप म्हणून ते एकटे पुरेसे नाही. ब्लॉक टाइम हा विमानकंपनीच्या खर्चाचा व विमानाच्या उपयोगाचा निदर्शक आहे. घरापासून घरापर्यंतचा काल हाच प्रदेशातील माणसांच्या दृष्टीने खरा अंतरनिदर्शक असून तो नगराच्या भागाप्रमाणे, ऋतूप्रमाणे व दिवसाच्या प्रहराप्रमाणे बदलतो. म्हणून प्रादेशिक विमानतळांविषयीच्या प्रबंधांत यांपैकी कोणते माप घेतले आहे, हे प्रारंभीच नमूद केलेले असावे.

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरावे, असे ठरविले. त्यामागे राजधानी व विदर्भ यांतील अंतराची जाणीव होती. ते अंतर किलोमीटरांत तेव्हा होते तेवढेच आजही आहे. कालात ते किती घटले, आणि कोणासाठी घटले, हा प्रश्न मात्र खुला आहे. विमानतळापासून तासाच्या अंतरावर राहणाऱ्यास पुणे व नागपूर पाच तासांइतकी जवळ आली आहेत. मेळघाटातील वा गडचिरोलीच्या अंतर्भागातील रहिवाशास सोनेगावच्या धावपट्टीपर्यंत पोहोचण्यासच त्याहून कमी काळ लागेल, अशी खात्री देता येत नाही. हवाई वाहतुकीने आक्रसलेल्या अंतरांचा नकाशा तयार करावयाचा झाल्यास त्याचे मोजमाप धावपट्टीपासून नव्हे, तर अशा गावांपासून सुरू करावे लागेल.